तोडीच्या हातातली गोफण

सुरुवातीलाच सांगते, मी या सदराची चाहती नाही. मागं इथं एका बंगल्यातल्या पांढऱ्या साडीचा अनुभव छापून आला होता, तेव्हा संपादकांना तिखट पत्र पाठवणारी ती मीच. ‘अशा मजकुराला कागद देणं म्हणजे गुन्हा आहे’ वगैरे वगैरे. संपादकांनी ते पत्र जसंच्या तसं छापलं. तेव्हा आज लेखाखाली माझं नाव बघून कुणाला हसू आलं, तर खुशाल हसा. मी ऐकून घेईन.

आमच्या धाराशिवच्या घरात देवघर नाही. इतरांच्या घरी ज्या कोनाड्यात देव असतात, तिथं आमच्याकडं पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा लिहायचे, आई प्रूफं बघायची आणि मी घड्या घालायचे. बुवाबाजी, मुहूर्त, अंगात येणं, लिंबू-मिरची – माझी अक्षरओळखच या विषयांवर झाली. नाव क्रांती ठेवलं ते उगाच नाही. सातवीत असताना शाळेत एका बाईंच्या अंगात आलं, तेव्हा त्यांना पाणी पाजून, शेजारी बसवून, ‘बाई, घरी काही त्रास आहे का?’ असं विचारणारी मुलगी मीच होते. आणि त्रास होता.

बाबा मूळचे सास्तूरचे, लोहारा तालुका. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या दोन बहिणींतली थोरली गेली – शेवंता. लग्न व्हायचं होतं तिचं. दगडमातीचे ढिगारे अजून उपसले जात होते, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की गावानं पाप केलं म्हणून हे झालं. बाबांनी आयुष्यातलं पहिलं पत्रक त्या दिवशी लिहिलं, हातानं. त्यात एकच वाक्य होतं : ‘माझ्या बहिणीनं कुठलं पाप केलं होतं, ते सांगा.’

हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुढचं सांगताना मला किती जड जातंय ते तुमच्या लक्षात यावं. आणि तरी – खरं सांगू? – ते आठवलं की मला हसूच येतं. आनंदानं.

बाबांची धाकटी बहीण म्हणजे कौसाआत्या. तिला गावातल्या गावातच दिलेली. पुनर्वसनातल्या शेवटच्या ओळीतलं शेवटचं घर तिचं. परसदारी बुटकं कुंपण आणि कुंपणापलीकडं लगेच तिचं शेत. काका काही वर्षांपूर्वी वारले. एकुलती एक मुलगी पल्लवी, मुरुमच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझी आतेबहीण, आणि त्याहून जास्त मैत्रीण. गेल्या माघात तिचं लग्न झालं. मुलगा तिनंच निवडलेला, तिच्याच शाळेत विज्ञान शिकवणारा. हुंडा नाही, मानपान नाही. माझी कसलीही तक्रार नव्हती.

पल्लवीचीही एकच मागणी होती, ती आईकडं. “माझ्या हळदीला तू गायचं.”

झालं असं, की गावातल्या जुन्या बायका पल्लवीला लहानपणापासून सांगत आलेल्या – तुझ्या आईचा गळा म्हणजे काय होता! ओढ्यापल्याड ऐकू जायचा. आणि पल्लवीनं आईच्या तोंडून अंगाईसुद्धा ऐकलेली नव्हती. भूकंपानंतर आत्यानं गाणं बंद केलं ते कायमचं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायची, “मला येत न्हाय.” मी एकदा तिला समोर बसवून दुःख, मन मोकळं करणं, समुपदेशन यावर चांगलं लांबलचक बोलले होते. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “दमलीस की गं किरांते. भाकर खातीस का?”

आता चित्राचं. आमच्याकडं लग्नघराची भिंत रंगवतात. दाराच्या दोन बाजूंना हत्ती नाहीतर भालदार-चोपदार, वर गणपती, खाली ‘शुभविवाह’ आणि नवरा-नवरीचं नाव. पल्लवी चित्रकलेची बाई. तिला हत्ती नको होते. तिला परसदारच्या मोठ्या भिंतीवर, जिथं हळद होणार होती तिथं, रागमालेतलं चित्र हवं होतं.

रागमाला म्हणजे काय, हे मलाही तिनंच शिकवलं. जुन्या काळी चित्रकारांनी एकेका रागाचं चित्र काढलं. राग कानानं ऐकायचा, तर यांनी तो डोळ्यांना दाखवला. कुठल्या रागात झोपाळा, कुठल्या रागात मोर, कुठल्या रागात एकटी वाट बघत बसलेली बाई. राजस्थानात काढली, पहाडात काढली, आपल्या दख्खनेतही काढली – हातभर कागदावर, केसाएवढ्या रेघांनी. पल्लवीची लाडकी तोडी. तोडी म्हणजे सकाळचा राग. चित्रात मोकळ्या रानात एक तरुण बाई उभी, खांद्यावर वीणा, आणि तिचं वाजवणं ऐकून भोवती हरणं गोळा झालेली.

“ही माझी आई आहे,” पल्लवी म्हणायची. “हिच्या हातात वीणा आहे, पण चित्रातून आवाज येत नाही.”

ती स्वतःच काढणार होती, पण आत्यासकट सगळ्यांनी ठरवून टाकलं – नवरी शिडीवर चढायची नाही. मी नियमाप्रमाणे भांडायला उभी राहिले, तर पल्लवीच म्हणाली, “राहू दे ताई. पडले तर फोटोत प्लास्टर दिसंल.” म्हणून मुरुमहून रज्जाकभाईंना बोलावलं. दुकानांच्या पाट्या, शटरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या – त्या भागात रंगवलेलं जे काही दिसतं ते बहुतेक त्यांचंच. पल्लवीनं त्यांना व्हॉट्सॲपवर तोडीचं चित्र पाठवलं आणि ती शाळेच्या सुट्टीचं बघायला गेली.

हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी परसदारी आलो, तर भिंत जवळजवळ पूर्ण झालेली. आणि काय भिंत होती! मागं पिवळं रान, वर निळं आभाळ, काळवीट, माद्या, एका मादीच्या पायाशी पाडस. मधे तांबडं लुगडं नेसलेली, कासोटा घातलेली बाई. आणि तिच्या हातात...

“रज्जाकभाई,” पल्लवी खोल आवाजात म्हणाली, “हे काय?”

“गोफण.”

“वीणा होती ती! वीणा! बाजा!”

रज्जाकभाईंनी खिशातून मोबाईल काढला. त्याच्या काचेला कोळ्याचं जाळं पडावं तशा चिरा. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “बगा मॅडम... रान हाय. रानात बाई हाय. भवती हरणं हायेत. आन् हातात लांबडं कायतरी. आपल्याकडं हरणात उभी राहिलेली बाई काय करतेय? राखण करतेय. मला वाटलं, ज्यानं हे पहिलं काढलं त्याला गोफण जमली नाय, म्हणून भोपळे लावून दिले बिचाऱ्यानं. मी नीट करून दिलं.”

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. पल्लवीचा चेहरा बघून ते जमेना. शेकडो वर्षांच्या चित्रपरंपरेची चूक रज्जाकभाईंनी दुरुस्त करून दिली होती.

आवाज ऐकून आत्या बाहेर आली, कणकेचे हात तसेच. भिंतीकडं बघितलं... आणि जागच्या जागी थांबली. पल्लवी म्हणाली, “बघ ना आई, काय करून ठेवलंय!” आत्याचं लक्षच नव्हतं.

“डाव्या हातात हाय,” ती म्हणाली.

“काय?”

“गोफण. शेवंता डावरी हुती.”

इथं मी लगेच सांगते, की यात काहीही अमानवीय नाही. मूळ चित्रातल्या तोडीनं वीणा डाव्या हातात धरली होती, रज्जाकभाईंनी हात तोच ठेवला. योगायोग. मी तेव्हाही तसं बोलून दाखवलं. कुणी ऐकलं नाही.

आत्या भिंतीच्या जवळ गेली. “आन् गोफणीत दगूड न्हाय का घातला, भाऊ?”

“घातलावता, आक्का,” रज्जाकभाई जरा ओशाळून म्हणाले. “पण मग ती पाडसवाली बरोबर समोर आली. म्हणलं, कशाला... पुसून टाकला.”

आत्या तिथंच पायरीवर बसली. आणि मला ज्या गोष्टीसाठी भाषण द्यावं लागलं होतं, ती तिनं आपण होऊन सांगितली – कणकेचे हात मांडीवर ठेवून, भिंतीकडं बघत.

“आमचं रान वढ्याच्या दोन्ही अंगाला. हिकडं हरभरा, तिकडं जोंधळा. हिकडच्या राखणीच्या माळ्यावर मी, तिकडच्या माळ्यावर शेवंता. म्या हरणं हाकलली की तिच्या जोंधळ्यात, तिनं हाकलली की माझ्या हरभऱ्यात! दिसभर तेच. मग म्या हिकडनं गाण्यात इचारायचं – कुठं गेली हरणी? तिनं तिकडनं गाण्यात सांगायचं. माझी ओळ माझी, तिची ओळ तिची. तिची ओळ म्या कधी म्हणली न्हाय. म्हणली असती तर हीच गोफण मला बसली असती.” ती हसली. मग म्हणाली, “सगळी गाणी तसलीच. आता सांगा, अर्धं गाणं कसं म्हणू? इचारायचं... आन् मग?”

रज्जाकभाईंनी ब्रश डब्यात ठेवला.

“मी म्हणते ना तिच्या ओळी,” पल्लवी म्हणाली. “शिकव मला.”

“मला येत न्हायती. ऐकलेल्या हायेत, येत न्हायती. दुसऱ्याचं ताट वढून घेता येतंय व्हय?”

“मग तुझी अर्धीच म्हण.” पल्लवीचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “मला अर्धं चालंल आई. पुढं गप्प राहिलीस तरी चालंल. मला एकदा ऐकायचंय.”

आत्या उठली आणि पोळ्या लाटायला गेली. वीणा परत काढायची का, असं रज्जाकभाईंनी विचारलं. पल्लवी म्हणाली, “हात लावू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद. ऊन चांगलं वर आलेलं, पण माघातलं, कोवळं. परसदारी जातं मांडलं, त्याला विड्याचं पान आणि हळकुंड बांधलं. आता आमच्याकडं जात्याला हात लावायचा मान सवाष्णींचा. आत्या विधवा. मी या प्रसंगासाठी भाषण तयार ठेवलं होतं. चांगलं होतं, तुम्हाला सांगते. पहिलं वाक्यच असं होतं की... पण शेजारच्या शांताकाकूंनी, पदर खोचत, मला बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “ए कौसे, बस की हितं. पोरगी तुझी, आन् दळायचं आमी व्हय?” बाकीच्या बायकांनी सरकून जागा केली. संपलं. भाषण वाया गेलं. इतक्या आनंदानं वाया गेलेलं भाषण माझ्या आयुष्यात दुसरं नाही.

एका बाजूनं आत्या, एका बाजूनं शांताकाकू, खुंट्यावर दोघींचे हात. पल्लवी समोर पाटावर. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, कारण पल्लवीनं बजावलं होतं. रज्जाकभाई शिडीवर, एका हरणाचा डोळा राहिला होता म्हणून सकाळीच आले होते. लाईट गेलेली, साऊंडवाला अजून उमरग्यातच अडकलेला. बाबा पुढच्या अंगणात आचाऱ्याशी मिठावरून वाद घालत होते. हे सगळं मुद्दाम नोंदवतेय. पुढं उपयोगी पडेल.

जातं फिरायला लागलं. बायकांनी नेहमीच्या ओव्या म्हटल्या. मग त्या थांबल्या, सगळ्यांच्या नजरा आत्याकडं. आत्या मान खाली घालून दळतेय. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, बास. पल्लवीनं ओठ घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, नाही होणार...

आणि आत्यानं सुरुवात केली.

आवाज आधी गंजलेल्या कडीसारखा. मग दुसऱ्याच शब्दाला मोकळा झाला :

हरणी बाई हरणी, माझ्या हरभऱ्यात आली
गोफण फिरवली, सांग कुण्या वाटंनं ती गेली?

बायका म्हणत होत्या ते खरं होतं. असला गळा मी ऐकलेला नाही. आत्या थांबली. जातं फिरत राहिलं. ती जी जागा रिकामी राहणार होती, ती सगळ्यांनाच माहीत होती. मी तर श्वास धरून ती ओलांडायची वाट बघत होते.

गेली बाई गेली, माझ्या जोंधळ्याच्या आड
संगं तिचं पाडस, दगूड खाली सोड

मोकळा, तरुण आवाज. लांबून आलेला, वाऱ्यावरून आल्यासारखा, आणि तरी शब्द न् शब्द स्वच्छ. आणि त्यात – मी हे विसरू शकत नाही – हसू होतं. धाकट्या बहिणीला चिडवताना असतं तसं. मला वाटलं, पल्लवीनं गुपचूप शिकून घेतलं! मी तिच्याकडं बघितलं, तर ती माझ्याकडं बघत होती. शांताकाकू मागच्या बायकांकडं वळून बघत होत्या. मागच्या बायका एकमेकींकडं.

आत्यानं वर बघितलं नाही. तिचा हात फक्त जोरात फिरायला लागला. तिनं पुढची ओळ टाकली :

हरणी बाई हरणी, तुझं पाडस झालं मोठं
सांग माझ्या बाई, आता धाडू तरी कुठं?

आणि उत्तर आलं. या वेळी क्षणाचीही वाट न बघता, तिचा शेवटचा सूर संपायच्या आत, जणू पलीकडच्या माळ्यावर कुणी कधीचं तयारच बसलं होतं :

धाड गं तू बाई, जिथं हिरवंगार रान
मागं वळून बघंल, तिची वळवू नको मान

“मॅडम,” शिडीवरून रज्जाकभाई हळूच म्हणाले. “खरी आली की...”

आम्ही उठून कुंपणापाशी गेलो. आत्याच्या शेताच्या बांधावर हरणांचा कळप उभा होता. नुसता उभा. चरत नव्हता, कान आमच्याकडं. एका मादीजवळ पाडस. एरवी एवढ्या बायका एकदम उठल्या की ती वाऱ्यासारखी पळतात. ती पळाली नाहीत. जरा वेळानं, आपल्या सोयीनं, रांगेनं शाळूच्या आडोशाला निघून गेली.

आत्या रडली असेल असं तुम्हाला वाटेल. आत्या हसत होती. खुंटा सोडून, हळदीचे हात गुडघ्यावर मारत, दम लागेपर्यंत. “ऐकलं का!” ती म्हणत होती, “म्हनं दगूड खाली सोड! तवाबी असंच करायची. माझा हरभरा खाल्ला तर दगूड सोड, आन् हिच्या जोंधळ्यात गेली की बोंब मारायची!” पल्लवीनं पाटावरून उठून तिला मिठी मारली. आत्याचे पिवळे हात तिच्या पाठीवर उमटले. नवरीला पहिली हळद लागली ती अशी, पाठीला. मुहूर्ताच्या आधी.

त्यानंतर आत्या गप्प बसली नाही. जेवणावळीत गायली, भांडी घासताना गायली, व्याह्यांच्या पंक्तीत गायली. आचारी वैतागून म्हणाला, “मावशी, मीठ टाकलं का न्हाय त्येच ध्यानात राहीना.” बाबा म्हणाले, “आता टाकूच नका. मी सकाळपासून तेच सांगूलालो.”

आता माझं काम.

बाबांची शिकवण अशी, की साक्षीदार एकत्र बसले की एकच गोष्ट तयार होते. म्हणून एकेकाला वेगळं गाठायचं. मी गाठलं. त्याच दुपारी, कुणी आपसात बोलायच्या आत. शांताकाकूंना चुलीपाशी, पल्लवीला आतल्या खोलीत, एका म्हातारीला गोठ्यात, अजून काहीजणींना जिथं सापडतील तिथं. “ती उत्तराची ओळ काय होती?” प्रत्येकीनं दोन्ही ओव्या जशाच्या तशा म्हणून दाखवल्या, चालीसकट. “कोण म्हणालं?” इथं मात्र प्रत्येकीचं उत्तर वेगळं. काकूंना वाटलं मागच्या बायका. मागच्या बायकांना वाटलं पल्लवी. पल्लवी म्हणाली, “मला वाटलं तू.” मी तर न्हाणीतसुद्धा गात नाही!

शेतात कुणी असेल? रज्जाकभाई शिडीवर होते, सगळं रान त्यांना वरून दिसत होतं. “हरणं होती,” ते म्हणाले. “दुसरं कुणी नाय. मी ऐकलं मॅडम. मी काय सांगू? मी माझा ब्रश धरून उभा होतो. तो डोळा अजून राहिलाय बगा.” खरंच राहिला होता. अजूनही राहिलाय, पल्लवी पूर्ण करू देत नाही.

मग मी रेकॉर्डिंग लावलं. आत्याचा आवाज आहे. ‘कुण्या वाटंनं ती गेली?’ आणि त्यानंतर... जात्याची घरघर. बांगड्या. लांब कुठंतरी टिटवी. एका ओवीएवढी जागा, पूर्ण रिकामी. मग परत आत्या. मग परत रिकामी जागा. शेवटी रज्जाकभाईंचं ‘मॅडम’.

माझ्याकडं एक चांगली थिअरी होती. जुन्या बायकांनी शेवंताच्या ओळी लहानपणी ऐकलेल्या. आत्या थांबली तेव्हा त्यांच्या मनात त्या आपोआप पूर्ण झाल्या. एकीच्या ओठांवर आलेलं दुसरीनं टिपलं. असं होतं. समूहाच्या मनाबद्दल मी स्वतः लेख लिहिला आहे. पल्लवीनं आणि मी ते कसं ऐकलं, हा प्रश्न उरत होता, पण तो सुटला असता. ही थिअरी घेऊन मी आत्याकडं गेले. ती भांडी विसळत होती.

“पहिलं उत्तर शेवंताचंच,” ती म्हणाली. “रोज तेच म्हणायची.”

“आणि दुसरं?”

“दुसरं कवा म्हणंल ती? दुसरा सवालच नवा हुता. पाडस मोठं झाल्याचं. त्ये म्या तितंच जुळवलं – हिच्याकडं बघून.” तिनं उंबऱ्यावर बसलेल्या पल्लवीकडं ओला हात केला.

म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर त्या सकाळपर्यंत जगात नव्हतं, ते उत्तर परसदारच्या प्रत्येक बाईला तोंडपाठ होतं. थिअरी मी तिथंच, भांड्यांच्या पाण्यात, सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी गाडीपाशी एक मावशी म्हणाल्या, “नवरीनं मागं वळून बघायचं न्हाय हां, पुढं बघ.” त्यांनी पल्लवीची हनुवटी धरून पुढं वळवली. आत्यानं तो हात बाजूला केला. “बघू दे,” ती म्हणाली. “तसं सांगितलंय.” पल्लवी वळली. घराकडं बघितलं, आईकडं बघितलं, कुंपणावरून दिसणाऱ्या रानाकडं बघितलं. भरपूर बघितलं. मग हसत गाडीत बसली. इतकी हसरी पाठवणी सास्तुरात कुणी बघितली नव्हती.

बाबांना मी शेवटी विचारलं. त्यांच्याशी बोलायची मला भीती वाटत होती. गाणं झालं तेव्हा ते पुढच्या अंगणात होते, भिंतीपलीकडं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि दोन्ही ओव्या म्हणून दाखवल्या. मग म्हणाले, “चाल थोरलीचीच.” “लिही,” म्हणाले. “झालं ते झालं तसं लिही. कारण माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही, त्यात लाज कसली? पण त्या भिंतीपुढं कुणी नारळ फोडायला लागलं, तर मला लगेच फोन कर.”

तशी वेळ आलीच. आठवडाभरात कुणीतरी भिंतीपाशी हळद-कुंकू आणि फुलं ठेवून गेलं. मी पत्रक काढायच्या तयारीत होते, पण आत्यानंच ती फुलं उचलून दारातल्या पोरींच्या केसांत माळली. “देव न्हाय ती,” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “भैन हाय माझी. पाया पडाल तर दगूड मारंल.”

मी रेकॉर्डिंगमधली ती चाल पल्लवीच्या शाळेतल्या संगीताच्या सरांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकली. “तोडी नाही,” ते म्हणाले. “पण तोडीच्या बांधाला लागून असलेल्या शेतातली आहे.”

मी आजही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कुणी या अनुभवाचा अंगारा करून विकायला निघालं, तर त्याच्या दारात पहिली मी उभी असेन. पण त्या सकाळी काय झालं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. सगळ्या बाजूंनी विचार करून झाला. नाही.

मागच्या महिन्यात सास्तूरला गेले होते. सकाळी जाग आली ती आत्याच्या आवाजानं. ती परसदारी, गोफणवाल्या तोडीसमोर उभी राहून धान्य पाखडत होती. तिनं आपली ओवी म्हटली आणि ती थांबली. एका ओवीएवढी थांबली. सूपसुद्धा हलवलं नाही. मग पुढची म्हटली.

मी मागं जाऊन उभी राहिले. “आलं का उत्तर?”

“रोज कुठं येतंय?” आत्या हसून म्हणाली. “पर जागा ठिवाया लागती की.”